दातातली पेशी, भोवती कॉइल, आणि हाड

पडलेला दुधाचा दात बहुतेक जण टाकून देतात, फार तर आठवण म्हणून डबीत ठेवतात. सॉंगटाओ शी यांनी तो प्रयोगशाळेत नेला. शी मुलांचे दंतवैद्य आणि तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले संशोधक. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दात पडला तेव्हा त्याच्या पोकळीत त्यांना लालसर, ओला, मऊ भाग दिसला, आणि हा भाग अजून जिवंत असेल तर, अशी शंका आली. तो जिवंत होता. २००३ साली त्यांच्या गटाने जाहीर केलं की दुधाच्या दातातल्या या गरात मूलपेशी असतात. अशा पेशी, ज्यांनी अजून आपण काय व्हायचं हे पुरतं ठरवलेलं नसतं.

तेव्हापासून या पेशींना हाडाच्या वाटेवर आणायचे अनेक उपाय करून पाहिले गेले आहेत, आणि त्यातला एक जरा चमत्कारिक वाटावा असा आहे. पेशींच्या काचेच्या डिशभोवती तांब्याच्या तारेची कॉइल बसवायची, तिच्यातून थांबत-थांबत वीज सोडायची, आणि पेशी लवकर हाडाकडे वळतात का ते बघायचं. एका बातमीत याचं एक वाक्य होतं: ‘चुंबकाने दातातून हाड उगवलं.’ चार शब्दांचं वाक्य, आणि चारही शब्द थोडे थोडे चुकलेले. ते उसवत गेलं की आतली खरी गोष्ट हाती लागते. ती बातमीपेक्षा लहान आहे, पण माझ्या मते जास्त मजेची आहे.

सुरुवात हाडापासून करू, कारण हाडाचं आणि विजेचं नातं कॉइलच्या आधीचं आहे.

हाड म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो सांगाडा, म्हणजे मेलेलं, वाळलेलं हाड. शरीरातलं हाड सतत मोडलं आणि बांधलं जात असतं. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नव्याने घडतो. एका जातीच्या पेशी जुनं हाड विरघळवून खड्डा करतात, दुसऱ्या जातीच्या पेशी तो भरून काढतात. भर कुठे घालायची हे बऱ्याच अंशी भारावरून ठरतं. युलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदांनी १८९२ साली हे नियमाच्या रूपात मांडलं. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट अंतराळात, जिथे पायांवर भारच नसतो, तिथे नितंबाच्या हाडातलं खनिज महिन्याला एक ते दीड टक्का घटतं.

पण खड्ड्याच्या तळाशी बसलेल्या एवढ्याशा पेशीला वर किती भार आहे हे कळतं कसं?

जपानमधले अस्थिशल्यविशारद इवाओ यासुदा यांना यामागे वीज असावी असं वाटत होतं. १९५७ साली त्यांनी एइइची फुकादा या भौतिकशास्त्रज्ञांबरोबर कोरड्या हाडाचे तुकडे दाबून मोजमाप केलं, आणि दाबलेल्या हाडावर विद्युतभार येतो हे दाखवून दिलं. गॅस पेटवायच्या लायटरमध्ये असंच होतं: खटका दाबला की आतला स्फटिक दाबला जातो आणि ठिणगी पडते. क्वार्ट्झसारख्या स्फटिकांचा हा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्येच शोधला होता. हाडात तो गुण येतो कोलॅजन या दोरखंडासारख्या प्रथिनामुळे. यासुदांनी उलटा प्रयोगही केला. सशाच्या मांडीच्या हाडात बारीक तारा बसवून तीन आठवडे एक मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग, एवढा प्रवाह सोडला. ऋण टोकाभोवती नवं हाड जमलं.

किती सुबक जुळतंय सगळं! हाड वाकलं की दाबलेल्या बाजूवर ऋणभार येतो, ऋणभार असतो तिथे हाड बनतं, आणि दाबलेल्या बाजूला भर पडून हाड सरळ होतं. विज्ञानात इतकं सुबक काही दिसलं की मला थोडी धास्ती वाटते, आणि इथेही ती खरी ठरली. जिवंत हाड कोरडं नसतं. त्याच्या सूक्ष्म नळ्यांत क्षारांचं पाणी भरलेलं असतं, आणि हाड वाकलं की ते पाणी इकडून तिकडे ढकललं जातं. या वाहत्या क्षारांमुळे जो विद्युतदाब तयार होतो, तो ओल्या हाडात स्फटिकासारख्या परिणामाला मागे टाकतो. शिवाय वाहतं पाणी पेशींना नुसतं घासूनही जातं, आणि पेशींना ते घासणंही कळतं. म्हणजे वीज हा भाराचा निरोप असेलही, पण एकटाच निरोप नाही.

तोंडात तर हिशेब उलटाच दिसतो. दात सरळ करायला तारा लावतात तेव्हा दात ज्या बाजूला ढकलला जातो तिथलं, म्हणजे दाबाखालचं हाड विरघळतं आणि मागे, ताणाच्या बाजूला, नवं हाड भरतं. वरच्या सुबक नियमाच्या बरोबर विरुद्ध! कारण दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक गादी असते आणि दाब आधी तिच्यावर येतो. गादी चेपली की तिथला रक्तपुरवठा अडतो, आणि पुढचं सगळं नाट्य तिथून सुरू होतं. ‘ऋण म्हणजे हाड, धन म्हणजे झीज’ असं पाठ करून कुणी तोंडात उतरला तर पहिल्याच दातापाशी अडखळेल.

आता ‘चुंबकाने’ या शब्दाकडे येऊ.

यासुदांच्या पद्धतीत अडचण सरळ होती: तारा हाडात खुपसाव्या लागत. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद अँड्र्यू बॅसेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात यावर उपाय काढला आणि त्यासाठी मायकेल फॅरडे यांचा १८३१चा शोध वापरला. तारेच्या गुंडाळीतून जाणारा प्रवाह बदलला की तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्राभोवती विद्युत क्षेत्राची वलयं उठतात. चुंबकीय क्षेत्र कातडी, स्नायू, प्लॅस्टर यांतून बिनदिक्कत आरपार जातं. त्यामुळे पाय न कापता आत, हाडापाशी, वीज उठवता येते.

यात ‘बदलतं’ या शब्दावर सगळी मदार आहे. स्थिर चुंबक कितीही जोरदार असला तरी, तो आणि आपण हललो नाही, तर अशी वलयं उठत नाहीत. मनगटाला चुंबकाचं कडं बांधणं आणि ही उपचारपद्धती यांचा संबंध नावापुरता आहे. कॉइलचे आकडे दाखवून कुणी कडं विकत असेल तर तिथेच थांबावं. कॉइलचं क्षेत्र खरं तर मोठं नसतंच. ते बहुधा एक-दोन मिलिटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक टेस्ला, त्याचा हजारावा भाग मिलिटेस्ला) किंवा त्याहून कमी असतं. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र याहून वीस-चाळीस पटींनी लहान आहे, आणि एमआरआय यंत्राचं, दीड-तीन टेस्लाचं, हजार पटीने मोठं. महत्त्व आहे ते क्षेत्र किती झपाट्याने चढतं-उतरतं याला. बॅसेट यांच्या पद्धतीत स्पंदांचे झुबके सेकंदाला पंधरा वेळा येत आणि रुग्ण कॉइल दिवसाला आठ-दहा तास, असं कित्येक महिने, लावून बसत.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने न जुळणाऱ्या हाडांसाठी या यंत्रांना परवानगी दिली. इथवरची गोष्ट विजयाची आहे. पण १९८४ मध्ये ब्रिटनमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी एक छोटी, पण फार शहाणी चाचणी प्रसिद्ध केली. नडगीचं हाड दीर्घकाळ न जुळलेले सोळा रुग्ण. काहींना चालू यंत्र, काहींना हुबेहूब दिसणारं पण बंद यंत्र. कुणाला कोणतं, हे ना रुग्णाला ठाऊक ना तपासणाऱ्याला. पाय मात्र सगळ्यांचेच पक्के जखडलेले, भार न टाकता ठेवलेले. चालू यंत्राच्या नऊपैकी पाच जणांचं हाड जुळलं. बंद यंत्राच्या सातपैकीही पाच जणांचं जुळलं!

सोळा माणसांवरून शेवटचा निवाडा होत नाही, हे उघड आहे. पण यंत्राच्या खात्यावर जमा होणारं बरंचसं श्रेय पाय स्थिर ठेवल्याचं असू शकतं, हे त्या चाचणीने ठळक केलं. (हेच बार्कर पुढच्याच वर्षी बदलत्या चुंबकीय क्षेत्राने मेंदू उद्दीपित करण्याच्या तंत्राचे जनक ठरले. त्यामुळे चुंबकाच्या द्वेषापोटी त्यांनी हे केलं असं म्हणायची सोय नाही.) २०११ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याला लांब हाडांसाठी चारच चाचण्या, १२५ रुग्ण, एवढाच भरवशाचा ऐवज मिळाला आणि निष्कर्ष अनिर्णित राहिला. २०१६ च्या आणखी एका आढाव्यात विजेच्या वेगवेगळ्या उपचारांच्या पंधरा चाचण्या होत्या, साऱ्या बंद यंत्राशी तुलना केलेल्या. त्यात एक्स-रेवर हाड न जुळण्याची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी घटलेली दिसली. मी हे असं वाचतो: परिणाम शून्य नसावा, पण जाहिरातीएवढाही नाही.

आता दाताकडे. ‘दातातून’ म्हणजे दाताच्या कोणत्या भागातून?

वरचं चकचकीत कवच उपयोगाचं नाही, त्यात जिवंत पेशीच नसतात. त्याखाली दंतिन हा पिवळसर कठीण थर, आणि त्याच्या आतल्या पोकळीत गर: रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशी. कीड खोल गेली की ठणका लागतो तो इथूनच, आणि रूट कॅनालमध्ये डॉक्टर काढून टाकतात तोही हाच. प्रौढांच्या दातांच्या गरात मूलपेशी असल्याचं स्टॅन ग्रोन्थोस, शी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं. त्यांनी वापरल्या होत्या काढून टाकलेल्या अक्कलदाढा. पुढच्या काही वर्षांत दात आणि हाड यांच्यातल्या तंतूंच्या गादीत, वाढत्या मुळाच्या टोकाशी आणि न उगवलेल्या दाताभोवतीच्या पिशवीतही अशा पेशी सापडल्या. दात हे एवढंसं घर, पण भाडेकरू बरेच निघाले.

या पेशींचं आकर्षण काय? एक तर त्या मिळवायला कमरेच्या हाडात सुई घालावी लागत नाही. दुसरं कारण गर्भावस्थेतलं आहे. जबड्याचं हाड आणि दाताचा गर दोन्ही गर्भातल्या एकाच स्रोतातून येतात. मेंदू आणि मज्जारज्जू घडताना त्यांच्या कडेने सुटून चेहऱ्याकडे सरकणाऱ्या पेशींमधून. कमरेचं हाड वेगळ्या थरातून येतं. त्यामुळे जबडा दुरुस्त करायला जबड्याच्याच भाऊबंदांना बोलावणं वाजवी वाटतं. आणि जबड्याला दुरुस्ती लागते वारंवार. दात काढल्यावर रिकामी झालेली हाडाची कड वर्षभरात रुंदीला जवळजवळ निम्मी होते, त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच. मग कृत्रिम दात बसवायचा म्हटलं तर स्क्रूला धरायला हाडच नसतं.

पण या पेशींचा मूळ कल हाड व्हायचा नाही. २०००च्या त्याच अभ्यासात प्रौढ दातांच्या पेशी खनिजाच्या कणांवर बसवून, ज्यांची प्रतिकारशक्ती बंद आहे अशा उंदरांच्या कातडीखाली ठेवल्या होत्या. शेजारी तुलनेसाठी अस्थिमज्जेतल्या मूलपेशी. मज्जेच्या पेशींनी हाड बनवलं. दाताच्या पेशींनी बनवलं दंतिनासारखं काही आणि त्यालगत गरासारखी ऊती. घर बदललं तरी माहेरची सवय सुटली नाही. दुधाच्या दातांचा २००३चा निकाल आणखी गमतीचा होता. त्या पेशींच्या आसपास हाड तर तयार झालं, पण ते बनवणाऱ्या पेशी उंदराच्या होत्या! दाताच्या पेशींनी स्वतः विटा रचल्या नाहीत. त्यांनी गवंडी गोळा केले.

म्हणून ‘हाड’ हा शब्द मी इथे जपून वापरतो. दंतिन आणि हाड यांचा कच्चा माल जवळपास सारखा, तेच कोलॅजन आणि तेच कॅल्शियम फॉस्फेटचं खनिज. पण हाडात पेशी आतच राहतात, त्यात रक्त खेळतं, ते मोडतं आणि पुन्हा घडतं. दंतिन एकदा घडलं की तसं पुन्हा मोडून घडवलं जात नाही. जबड्यात आपल्याला हवं आहे ते मोडता-घडता येणारं.

आता दोन्ही धागे एकत्र आणू: डिश, दातातल्या पेशी आणि कॉइल.

पेशींना पोषक द्रवात वाढवतात, मग त्यात हाडाकडे ढकलणारी तीन द्रव्यं घालतात: डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, क जीवनसत्त्व, आणि फॉस्फेट पुरवणारं बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट. ही तीन असली की पेशी कॉइलशिवायही हाडाच्या वाटेला लागतात. कॉइल त्यात रोज काही मिनिटं ते काही तास भर घालते. पहिल्या आठवड्याच्या सुमाराला अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढतं. रनएक्स-२ नावाचं जनुक जागं होतं. हाडाच्या कार्यक्रमाचा मुकादमच म्हणा ना. तीन आठवड्यांनी डिशमध्ये कॅल्शियमचे ठिपके दिसू लागतात आणि अॅलिझरिन नावाच्या रंगाने ते लाल होतात. बऱ्याच प्रयोगांत स्पंद दिलेल्या डिश जास्त लाल दिसतात. काहींत फरक नगण्य असतो, आणि स्पंदांचा वेग, जोर किंवा वेळ बदलली तर उत्तरही बदलतं.

स्पंद पेशीला काय सांगत असतील? सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं कॅल्शियमचं. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट असतं. धरणामागच्या पाण्यासारखं ते अडून असतं, आणि आवरणातली इवलीशी दारं किंचित किलकिली झाली तरी आत लोंढा येतो. हा लोंढा पेशीसाठी निरोप असतो; तो पुढे प्रथिनांच्या साखळीतून केंद्रकापर्यंत जातो. पेशींच्या पृष्ठभागावर अॅडेनोसिन या रेणूला धरणारे ग्राहक स्पंदांमुळे वाढतात, असाही पुरावा आहे. हाडाच्या घडणीतले बीएमपी-२ आणि डब्ल्यूएनटी हे परिचित संदेशमार्गही यात गुंततात.

पण थोडा हिशेब करू, कारण या विषयातली खरी अडचण हिशेबातच लपली आहे. समजा क्षेत्र एका सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात २ मिलिटेस्लाने चढलं. साडेतीन सेंटिमीटर व्यासाच्या डिशच्या कडेला त्यामुळे उठणारं विद्युत क्षेत्र येतं दर सेंटिमीटरला जेमतेम एक मिलिव्होल्ट. आता पेशीचं आवरण पाहा. त्याच्या दोन बाजूंमध्ये पन्नासेक मिलिव्होल्टचा फरक असतो, तोही पाच नॅनोमीटर जाडीत. मीटरच्या हिशेबाने हे होतं एक कोटी व्होल्ट. कॉइलने दिलेलं क्षेत्र याच्या दहा कोटीव्या भागाएवढं! पेशीच्या आकारामुळे ते आवरणापाशी एकवटतं खरं, पण तरीही आवरणावर पडणारा फरक एक-दोन मायक्रोव्होल्टच्या वर जात नाही. उष्णतेमुळे आवरणावरचा विद्युतदाब स्वतःहूनच याहून जास्त थरथरत असतो.

म्हणजे भर बाजारात कुणी कानापाशी न येता कुजबुजावं, तसं हे आहे. ऐकू येणं अशक्य नाही. तीच कुजबुज ठरावीक तालात हजारो वेळा झाली आणि ऐकणाऱ्याने धीर धरला तर गोंगाट एकमेकांत विरून ताल वर येऊ शकतो. शेकडो पेशी एकमेकींना चिकटून, जोडून असल्या तर सगळ्या मिळून एक मोठा कान होऊ शकतो. पण हे घडू शकतं असं म्हणणं आणि घडतं असं दाखवणं यात अंतर आहे. भौतिकशास्त्रातले काही लोक या क्षेत्राकडे भुवया उंचावून का बघतात हे त्यातून कळतं. मला त्यांचा संशय रास्त वाटतो आणि जीवशास्त्रज्ञांची चिकाटीही.

या वादाची तड डिशमध्येच लागू शकते, आणि तीसुद्धा फार खर्चाविना. क्षेत्र डिशला उभं, म्हणजे तळातून वर जाणारं असेल तर विद्युत वलयं डिशच्या मध्याभोवती फिरतात. नेमक्या मध्यावर विद्युत क्षेत्र शून्य असतं आणि कडेला सर्वांत जास्त. एकाच डिशमधल्या मधल्या आणि कडेच्या पेशींना चुंबकीय क्षेत्र सारखंच मिळतं, विद्युत क्षेत्र मात्र वेगवेगळं. कडेच्या पेशीच जास्त हाडाळल्या तर काम विजेचं. सगळीकडे सारखाच परिणाम दिसला तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. कॉइल आडवी करून क्षेत्र डिशच्या तळाला समांतर केलं तर वलयांना फिरायला द्रवाची दोन-तीन मिलिमीटर जाडीच उरते आणि विद्युत क्षेत्र कितीतरी पटींनी घटतं. म्हणून अशा अभ्यासात मी आधी कॉइल कशी ठेवली होती ते शोधतो. ते लिहिलंच नसेल तर बाकीचे आकडे तोलायला काटाच नाही.

आणखी एक साधी गोष्ट. प्रवाह वाहणारी तार तापते. पेशी ३७ अंशांवर ठेवलेल्या असतात, आणि अर्धा-एक अंश वाढला तरी त्यांचा वेग बदलतो. कॉइल बारीक थरथरतेही, आणि थरथर पेशींना कळते. त्यामुळे शेजारी नुसती कॉइलविना डिश ठेवणं ही योग्य तुलना नव्हे. तिथेही तशीच कॉइल हवी, तेवढीच तापणारी, पण दोन तारा एकमेकींविरुद्ध गुंडाळून क्षेत्र शून्य केलेली. बार्कर यांच्या बंद यंत्राची ही प्रयोगशाळेतली बहीण, आणि त्या नावडत्या तुलनेशिवाय लाल डिशला अर्थ नाही.

लाल डिशबद्दल एक इशारा आणखी. अॅलिझरिन कॅल्शियम दाखवतं, हाड नव्हे. फॉस्फेट घातलेल्या द्रवात खनिज आपोआपही बसू शकतं. पेशी मेल्या तरी त्यांच्या अवशेषांवर बसतं. पाण्याच्या किटलीतही क्षार बसतात, त्याला कुणी हाड म्हणत नाही. शिवाय दाताच्या पेशी दंतिनाकडे वळल्या तरी रंग तोच येणार. म्हणून चांगला अभ्यास एकाच रंगावर न थांबता ऑस्टिओकॅल्सिनसारखी हाडाची प्रथिनं आणि दंतिनाची ओळख पटवणाऱ्या डीएसपीपी या प्रथिनाची पातळी, दोन्ही तपासतो. आणि कातडीखाली किंवा हाडाच्या खड्ड्यात प्रत्यक्ष काय घडलं ते पाहतो.

राहिला ‘उगवलं’. डिशमध्ये पेशींचा थर केसाच्या जाडीचाही नसतो, आणि त्या पेशींना सगळं द्रवातून आयतं मिळतं. जबड्यातला खड्डा कित्येक मिलिमीटर खोल. रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरहून दूर गेलेली पेशी प्राणवायूविना मरते, मग तिला हाड बनायचा संकेत कितीही गोड मिळो. इथे दाताच्या पेशी एक बरं काम करतात: त्या नव्या रक्तवाहिन्या बोलावणारे रेणू सोडतात. कदाचित त्यांचं खरं मोल याच मुकादमीत असेल, स्वतः वीट होण्यात नव्हे. अस्थिमज्जेतल्या आणि दातातल्या अशा मूलपेशींना दिलं जाणारं ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये रूढ करणारे अर्नोल्ड कॅप्लन यांनीच पुढे, २०१७ मध्ये, हे नाव बदला अशी विनवणी केली होती, कारण शरीरात या पेशी नवी ऊती बनण्यापेक्षा औषधी संकेत सोडण्याचं काम जास्त करतात, असं त्यांचं मत झालं होतं.

माणसाच्या जबड्यात हे करून पाहिलंच नाही असंही नाही, फक्त कॉइलविना. इटलीतल्या एका गटाने २००९ मध्ये रुग्णांच्याच अक्कलदाढांतल्या गरातल्या पेशी कोलॅजनच्या स्पंजात भरून, अक्कलदाढ काढल्यानंतर खालच्या जबड्यात राहिलेल्या खड्ड्यात ठेवल्याचं प्रसिद्ध केलं. खड्डे हाडाने भरले. तीन वर्षांनी त्याच हाडाचे नमुने काढून बारकाईने पाहिले तेव्हा कळलं की तिथे जाळीदार हाडाऐवजी घट्ट, भरीव हाड तयार झालं होतं. त्या जागी निसर्ग जाळीदार हाड ठेवतो. हाड बनलं, पण पत्ता थोडा चुकला. घट्ट हाड स्क्रू धरायला वाईट नाही, उलट चांगलंच. पण पेशी आपल्याला हव्या त्या जागी आपल्याला हव्या त्या जातीचं हाड बनवतात, असं या निकालावरून म्हणता येत नाही.

अशा खड्ड्यावर बाहेरून कॉइल धरली तर पेशी लवकर कामाला लागतील का, हा आता प्रश्न आहे. त्यासोबत अगदी व्यावहारिक प्रश्नही येतात. गालावर कॉइल रोज किती वेळ धरायची? हृदयात पेसमेकर असेल तर काय? एका माणसाच्या दातातल्या पेशी चटकन प्रतिसाद देतात, दुसऱ्याच्या देत नाहीत, तर मात्रा कशी ठरवायची? या शेवटच्या प्रश्नाने दुधाचे दात गोठवून ठेवायला पैसे मागणाऱ्यांनीही जरा थबकायला हवं. पेशी साठवणं जमतं, पण त्या पेशी वीस वर्षांनी कशासाठी वापरायच्या याची रूढ उपचारपद्धती अजून नाही.

दरम्यान, काही संशोधक कॉइलच काढून टाकायच्या मागे आहेत. पेशी ज्या सच्छिद्र साच्यात भरतात तो साचाच दाबल्यावर वीज देणारा करायचा. त्यासाठी बेरियम टायटनेटचे कण वापरतात, किंवा पीव्हीडीएफ हे प्लॅस्टिक, ज्याचा हा गुण जपानमध्ये हेइजी कवाई यांनी १९६९ मध्ये शोधला. असा साचा जबड्यात बसला की त्याला बाहेरून बॅटरी नको, तास मोजायला नकोत. माणूस घास चावेल, साचा दाबला जाईल आणि वीज तिथल्या तिथे उठेल, बरोबर भार पडेल तेव्हाच आणि भार पडेल तिथेच.